साहेबाची तोफ आणि माझा अंगठा

आमच्या वयाची माणसं लंडनला जातात ती मुलगा किंवा मुलगी तिथं असते म्हणून. परत आली की सोसायटीच्या बाकावर बसून तिथल्या पुलाचे, राजवाड्याचे आणि महागड्या कोथिंबिरीचे किस्से महिनाभर ऐकवतात. मला मुलगा एकच, तो मिरजेला. त्यामुळे लंडन काही माझ्या नशिबात नव्हतं. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनच्या दोन अस्सल वस्तू मी नुकत्याच हातात घेऊन आलो, आणि त्यासाठी सांगलीहून छत्रपती संभाजीनगरपर्यंतच जावं लागलं. व्हिसा लागला नाही. उजव्या पायाचा अंगठा मात्र कामातून गेला.

आधी माझ्या खुळाबद्दल सांगतो. मी पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. चित्रकलेचा तास हा गणिताच्या शिक्षकांनी मागून नेण्यासाठीच असतो, त्यामुळे मला वेळ भरपूर मिळाला. त्या वेळात मला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी व्यंगचित्रांचा नाद लागला. तांब्याच्या पत्र्यावर कोरायची, कागदावर छापायची आणि मग बायका ओळीनं बसून एकेक रंग हातानं भरायच्या. अशी चित्रं लंडनच्या दुकानदारांनी काचेमागे लावली की रस्त्यात गर्दी व्हायची. ज्यांना विकत घेणं परवडायचं नाही ते फुकट हसून पुढं जायचे. राजाचं पोट, प्रधानाचं नाक, बायकांच्या टोप्या, आणि हिंदुस्थानातून गबर होऊन परतलेले कंपनीचे साहेब, कुणाला सोडलं नाही. आपल्याकडे असं चित्र कुणी लावलं असतं तर दुकानाची काच संध्याकाळपर्यंत शिल्लक राहिली नसती.

तर या चित्रांच्या माझ्याकडे अकरा फायली आहेत. सगळ्या झेरॉक्स. खरं चित्र मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात मी त्यांच्यावर लेख लिहिला, त्यावर दोन प्रतिक्रिया आल्या. पहिली माझ्या मेव्हण्याची, त्यानं लेख वाचला नव्हता. दुसरी यंदा भादव्यात फोनवर आली. संभाजीनगरच्या गारखेड्यातून मालनबाई नावाच्या कुणी बोलत होत्या. त्यांच्या घरात एका इंग्रज साहेबाची जुनी तसबीर होती, तशीच एक दौलताबादला त्यांच्या भाऊबंदांकडे होती, आणि मी दसऱ्याच्या आधी येऊन दोन्ही बघाव्यात अशी त्यांची इच्छा होती. राहणं, जेवणं त्यांच्याकडे. मी भडंगाचे दोन पुडे घेतले आणि निघालो.

गारखेडा

बसचा प्रवास सांगत नाही. तो ज्याचा त्यानं भोगायचा असतो.

गारखेड्याच्या चौकात उतरलो तर समोरच साहेब. वीस फुटी फ्लेक्सवर मधोमध पांढरा फेटा आणि काळा चष्मा घातलेले एक आजोबा हात जोडून उभे, खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची रांग, आणि वर डाव्या कोपऱ्यात, जिथं एरवी देव असतात तिथं, लाल गालांचा एक गोरा साहेब. चेहरा फिकट छापला होता, पण नाक बघून मी बॅग खाली ठेवली. ते नाक माझ्या सातव्या फायलीत आहे.

फ्लेक्सवरचे आजोबा म्हणजे आप्पासाहेब, मालनबाईंचे यजमान. वय पंचाहत्तर, आवाज तीस वर्षांचा. चितेगावची त्यांची जमीन केव्हाच कारखान्यांच्या पोटात गेली होती, मुलगा रोज तिकडे शेड सांभाळायला जायचा आणि आप्पा घरी बसून मान सांभाळायचे. बंगला नवा, फरशी इतकी गुळगुळीत की पाहुण्यानं देवाचं नाव घेतच चालावं. दिवाणखान्यात टीव्हीच्या वर सोनेरी चौकटीत साहेब बसले होते. काचेवर कित्येक दसऱ्यांच्या कुंकवाचे थर. चौकटीच्या आत चारही बाजूंनी मखमलीची रुंद पट्टी, त्यामुळे कागदाच्या कडा झाकलेल्या.

आप्पांनी मला तसबीर वाचून दाखवली. खुर्चीत बसलाय तो छावणीचा मोठा साहेब. त्याच्या हातात लांब कागद आहे ती सनद. समोर पागोटं घातलेला माणूस वाकून झाकलेलं ताट पुढं करतोय, ते म्हणजे नजराणा देणारे आप्पांचे पूर्वज सुभानराव. साहेबानं सनद दिली आणि विलायतेला परतताना आठवण म्हणून ही तसबीर दिली, अशी घरातली हकिगत होती.

मी खुर्चीवर चढून जवळून पाहिलं. खरं होतं. हातानं भरलेला रंग, गालांवरची लाली रेषेच्या बाहेर गेलेली, कागदावर तांब्याच्या पत्र्याचा दाब. आणि तो लांब कागद म्हणजे जेवणाच्या पदार्थांची यादी होती. बारीक अक्षरात कोंबडी, हरणाचं मांस, तीन तऱ्हेचं पुडिंग असं लिहिलेलं चष्म्यातून स्वच्छ दिसत होतं. सुभानराव म्हणून ज्यांना दरवर्षी हार घातला जात होता ते साहेबाचे खानसामा होते. मी खाली उतरून चष्मा काढला आणि पुसत राहिलो. आप्पांना वाटलं मला भरून आलं. ते खूश झाले आणि त्यांनी चहा सांगितला.

चहाबरोबर भांडण कळलं. वाटणीत दोन भावांना दोन तसबिरी गेल्या, एक आप्पांच्या वडिलांना आणि दुसरी चुलत्यांना. चुलत्यांचा मुलगा नानासाहेब दौलताबादला राहतो. मूळ गाव तिथून जवळच. दसऱ्याला गावाच्या शिवेवर शिलंगण होतं तेव्हा आपट्याचं पहिलं पान साहेबाच्या तसबिरीला वाहायचं आणि मग गावानं सोनं लुटायचं, अशी या कुळाची रीत. आता पहिलं पान कुठल्या साहेबाला, यावरून तीसेक वर्षांपूर्वी आप्पा आणि नाना हमरीतुमरीवर आले. तेव्हापासून आप्पांचं शिलंगण उत्तरेच्या शिवेवर आणि नानांचं दक्षिणेच्या. गावकरी बिचारे एकाच संध्याकाळी दोनदा सोनं लुटतात. गावानं आता कंटाळून सांगितलं होतं की यंदा एकच काय ते करा. बाहेरचा जाणकार आणा, तो ज्याला खरा साहेब म्हणेल त्याला पहिला मान. दोघांनी लगेच होकार दिला, कारण आपणच जिंकणार याबद्दल दोघांनाही शंका नव्हती.

इंग्रजांनी आपल्या साहेबांची टर उडवायला काढलेलं चित्र, आणि आपण त्याला हळदकुंकू वाहून त्यावरून तीस वर्षं अबोला धरतो. राज्य कसं चाललं असेल याचा मला प्रथमच नीट अंदाज आला.

रात्रीचं जेवण मालनवहिनींनी वाढलं. ज्वारीची भाकरी, भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे तिखट लागतं ते जिभेला, येसर मात्र मागाहून घशात जाऊन बसतो. आप्पा जेवून बातम्या लावायला गेले तेव्हा वहिनी समोर बसल्या आणि त्यांनी मला खरं दुखणं सांगितलं. नानांची बायको कुसुम ही त्यांची सख्खी धाकटी बहीण. एकाच मांडवात दोघींची लग्नं लागली, एकाच कुळात पडलो म्हणून दोघी खूश होत्या. तसबिरींचं भांडण झाल्यापासून दोन्ही घरांत एकमेकांचं पाणी बंद. दोघी भेटतात त्या गुडघ्याच्या डॉक्टरकडे. महिन्यातून एकदा दोघींचे गुडघे एकाच दिवशी दुखायला लागतात. डॉक्टर समजूतदार आहे, त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लावतो.

"भाऊ, कुणाचा सायेब खरा ते तुम्ही बघा," वहिनी म्हणाल्या. "मला एवढंच पाहिजे, या दसऱ्याला मी आन् कुसुम एका पंगतीला बसावं. आता किती दसरे ऱ्हायलेत आमचे?"

मी छाती पुढं काढून म्हणालो की काळजी करू नका, मी बघतो. मला त्या वेळी स्वतःबद्दल फार चांगलं वाटलं. अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की खरं सांगितलं तर दोन्ही घरांची अब्रू जाते, आणि त्या दोघींना गुडघ्याचा डॉक्टरही उरत नाही.

शहर

मधला एक दिवस रिकामा होता. आप्पांनी गाडी आणि सलीमभाई दिले. सलीमभाई पन्नाशीचे, वीस वर्षं आप्पांकडे गाडीवर. त्यांनी मला आधी छावणी दाखवली. रुंद रस्ते, जुनी झाडं. इथं दोनशे वर्षांपूर्वी गोरे अधिकारी राहायचे. बोटीनं सहा महिन्यांनी त्यांच्याकडे लंडनची ही चित्रं पोचायची, मग संध्याकाळी ग्लास हातात घेऊन ते आपल्याच साहेबांच्या पोटावर हसायचे. बदली झाली की सामानाचा लिलाव व्हायचा. आप्पांचे पूर्वज छावणीच्या घोड्यांना कडबा पुरवायचे, हे आप्पांनीच अभिमानानं सांगितलं होतं. लिलावात खुर्च्यांबरोबर ही जोडी त्यांच्या गाडीत पडली असावी, असा माझा अंदाज. सुभानरावांनी ती भिंतीवर लावली तेव्हा ते मनात हसत होते की हात जोडत होते, ते आता सांगता येणार नाही. मला वाटतं, हसत असावेत.

दुपारी सलीमभाईंनी मला जुन्या शहरात नान-कलिया खायला नेलं. मला युरिक ॲसिड आहे. डॉक्टरांनी मटण तोडलंय आणि बायकोनं डॉक्टरांपेक्षा जास्त तोडलंय. मी हे सलीमभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "खाव साब, एक दिन में कुच नई होता." माणसाला जे ऐकायचं असतं ते सांगणारा भेटला की त्याच्यावर चटकन विश्वास बसतो. मोठमोठ्या देगांत रात्रभर शिजलेला तो पिवळा रस्सा, वर तेलाचा तवंग, आणि हळदीनं रंगवलेला, तंदूरमधून काढलेला मऊ नान. आमच्या तिकडचा रस्सा अंगावर येतो, हा गळ्यात हात टाकतो. मी दोन प्लेट खाल्ल्या. शर्टावर सांडला तेही पुसलं नाही. वर इमरती खाल्ली. संध्याकाळी उरलेला कलिया डब्यातून घरी आणून पुन्हा खाल्ला, हे मी अजून बायकोला सांगितलेलं नाही.

पहाटे जाग आली ती अंगठ्यानं. उजव्या पायाचा अंगठा वांग्याएवढा आणि त्याच रंगाचा झाला होता. पांघरुणाची घडी टेकली तरी ओरडावंसं वाटत होतं. वहिनींनी लेप लावून वर पांढऱ्या धोतराची पट्टी गुंडाळली, एवढी जाड की पायाला फेटा बांधल्यासारखं दिसायला लागलं. आप्पा म्हणाले, पाय गेला तरी चालंल, डोळे शाबूत हायेत ना, चला. मी कालच्याच शर्टात निघालो.

दौलताबाद

आप्पा नानांच्या उंबऱ्यात जाणार नव्हते आणि नाना आप्पांच्या. म्हणून किल्ल्याच्या पायथ्याशी, गाड्या लावतात तिथल्या एका चहाच्या हॉटेलात भेटायचं ठरलं होतं. सीताफळांचा हंगाम. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टोपल्या, सहलीच्या बसेस, टोप्या विकणारे. आप्पांनी तसबीर चादरीत गुंडाळून आणली होती. नाना आधीच आले होते, त्यांची तसबीर जरीच्या शालीत. नाना म्हणजे आप्पाच, फक्त मिशा जास्त. तेच नाक, तेच पोट. दोघं एकाच प्लास्टिकच्या टेबलाशी समोरासमोर बसले आणि हॉटेलवाल्यामार्फत बोलू लागले. "त्यांना इचारा, चहात साखर किती." "त्यांना सांगा, आमची आम्ही घालून घेऊ."

दोघी बहिणी मागच्या टेबलाशी, एकमेकींकडे पाठ करून. कुसुमताई बारीक, चष्मेवाल्या, वहिनींसारख्याच हनुवटीच्या. मी बघितलं तर एक सीताफळ अर्धं करून न वळता या हातातून त्या हातात चाललं होतं.

सलीमभाईंनी माझ्यासाठी स्टूल आणलं, त्यावर मी पाय ठेवला आणि नानांची तसबीर पुढं घेतली. साहेब तोच. इथं तो आरामखुर्चीत पसरलेला, एक पाय पट्ट्या गुंडाळून स्टुलावर ठेवलेला, तोंड उघडं, डोळे आभाळाकडे. मागं एक काळ्या कोटातला माणूस हातभर लांब, जाड नळीचं यंत्र त्याच्याकडे रोखून उभा.

नाना अभिमानानं सांगू लागले. ही तोफ. लढाईत पायाला जखम झालेला साहेब आमच्या किल्ल्यावरची तोफ बघून तोंडात बोट घालायच्या बेतात आहे आणि मागं उभा आहे तो गोलंदाज. किल्ल्यावर अजून तसली तोफ हाय, जाऊन बघा, असं ते वर किल्ल्याकडे हात करून म्हणाले. तोपर्यंत टेबलाभोवती माणसं जमली होती. सहलीच्या कॉलेजच्या मुली, टोप्या विकणारे, एक सीताफळवाली. गोऱ्या साहेबाचं चित्र दिसल्यावर सगळ्यांना तेवढाच विरंगुळा.

मी ओला रुमाल घेऊन दोन्ही काचांवरचं कुंकू पुसलं, मागचे खिळे काढले, मखमलीच्या पट्ट्या बाजूला केल्या. खाली वळणदार इंग्रजी अक्षरं निघाली. आप्पांच्या चित्राखाली 'साहेब जेवतात' अशा अर्थाचं, नानांच्या चित्राखाली 'साहेब भोगतात' अशा अर्थाचं. कोपऱ्यात एक आणि दोन असे आकडे. आयुष्यभर झेरॉक्स बघितलेल्या माणसाच्या बोटांखाली तो खरा कागद होता, आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागे त्या दोन बायका श्वास रोखून बसल्या होत्या.

दोन्ही घरांची अब्रू राहील तेवढंच बोलायचं मी ठरवलं होतं. म्हणालो, दोन्ही तसबिरी अस्सल आहेत. साहेब एकच आहे. ही जोडी आहे, एकमेकींशिवाय अर्धी. तेव्हा पहिलं पान दोघांना मिळून वाहा.

क्षणभर वाटलं, जमलं. दोघांनी माना हलवल्या. मागं सीताफळ थांबलं. मग आप्पांनी वाकून कोपऱ्यातला आकडा बघितला आणि हॉटेलवाल्याला म्हणाले, "त्यांना सांगा, एक नंबर आमच्यावर हाय. म्हंजे पहिला मान आमचाच."

नाना म्हणाले, "त्यांना सांगा, तोफ आमच्याकडं हाय. त्यांच्याकडं काय, ताट."

पाच मिनिटांत आवाज किल्ल्यावर पोचले. ताटापासून सुरू झालेलं वाटणीच्या विहिरीपर्यंत गेलं. मागं कुसुमताईंनी पदर डोळ्यांना लावलेला मला दिसला. माझा अंगठा ठणकत होता. आणि मी शेवटी मास्तर आहे. पस्तीस वर्षं चुकीचं उत्तर ऐकलं की खडू फेकून मारत आलेला माणूस. मी टेबलावर हात आपटला आणि सगळं सांगून टाकलं. म्हणालो, ती सनद नाही, जेवणाची यादी आहे. ते सुभानराव नाहीत, वाढपी आहे. साहेबानं लढाई मारलेली नाही, मटण मारलंय. खाऊन खाऊन त्याच्या अंगठ्याला सूज आलीय म्हणून पाय बांधलाय. आणि ती तोफ नाही. तो डॉक्टर आहे आणि त्याच्या हातात एनिमाची पिचकारी आहे. इंग्रजांनी स्वतःच्या खादाड साहेबाला हसायला हे काढलं आणि तुम्ही त्याला हार घालताय.

कॉलेजच्या एका मुलीला हसू आवरेना, तिनं मैत्रिणीच्या पाठीत तोंड लपवलं. आप्पांचा चेहरा चित्रातल्या साहेबाएवढा लाल झाला होता. नाना चित्राकडे बघत होते. पिचकारीकडे, मग साहेबाच्या उघड्या तोंडाकडे, मग स्टुलावरच्या बांधलेल्या पायाकडे. मग त्यांची नजर टेबलाच्या कडेवरून हळूहळू घसरत माझ्या स्टुलावर आली. माझ्या पायावर. माझ्या शर्टावरच्या पिवळ्या डागावर.

"आप्पा," नाना म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा, मध्ये कुणी नसताना. "चित्रातला सायेब ह्योच दिसतोय बग."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. पोट आधी हललं, मग आवाज आला. "व्हय रे नाना. दोन टाइम कलिया दाबलाय त्यानं, मी बघितला."

"ह्यानं तोफ कधी बघितली असंल का?"

"नाय. सांगलीला किल्ला कुठं हाय."

सांगलीला किल्ला आहे, पण ते ऐकायला कुणी शिल्लक नव्हतं. सगळं हॉटेल हसत होतं. टोपीवाला, सीताफळवाली, सलीमभाईसुद्धा. दुकानाच्या काचेत मीच लागलो होतो. दोघा म्हाताऱ्यांनी डोळे पुसले आणि आपसात ठरवलं की मास्तरला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. सनद ती सनदच आणि तोफ ती तोफच. मग नानांनी दोन्ही तसबिरी एकावर एक ठेवून शालीत गुंडाळल्या, आप्पांनी वरून चादर बांधली, आणि दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून नानांच्या जीपकडे गेले. मला कुणी चला म्हणालं नाही.

टेबलाशी मी, माझा अंगठा आणि दोघी बहिणी राहिलो. आता त्या एकाच बाजूला बसल्या होत्या. मी वहिनींची माफी मागितली. म्हणालो, मी तुमच्या घराण्याचं हसं केलं.

वहिनींनी सीताफळाची बी बशीत काढून ठेवली. म्हणाल्या, "मला ठाऊक होतं, भाऊ. तुमच्या लेखात तसलंच नाक होतं. चार वर्षांमागं वाळवी लागली तवा मीच चौकट खोलली हुती. खालचं इंग्रजी नातीकडून वाचून घेतलं."

मी विचारलं, मग तुम्हीच का नाही सांगितलं.

"घरच्या बाईनं सांगितलं असतं तर दोघं आमच्या दोघींवर उलटले असते. चिडायला भायेरचा माणूस पाहिजे हुता." त्यांनी आणखी एक बी बशीत टाकली. "अंगठ्याचं मात्र आम्ही हिशेबात धरलं नव्हतं. ते देवानं जुळवलं."

कुसुमताईंनी चष्मा पुसत उरलेलं सीताफळ माझ्यापुढं सरकवलं. मला राग यायला हवा होता. आला नाही. मला त्या दोघींचा हेवा वाटला आणि फार बरंही वाटलं.

सांगली

दसऱ्याला मी तिथं नव्हतो. दौलताबादहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी आप्पांनी प्रेमानं सुचवलं की तुमच्या पायाला गर्दी सोसणार नाही, आजच निघालेलं बरं. गारखेड्याच्या चौकात नवा फ्लेक्स चढत होता. आप्पा आणि नाना शेजारी शेजारी हात जोडून, वर दोन साहेब, आणि खाली ठळक अक्षरांत: दोन्ही तसबिरी अस्सल असल्याचा सांगलीच्या जाणकारांचा निर्वाळा. माझ्या बोलण्यातलं पहिलं वाक्य तेवढं घेतलं होतं.

घरी बायकोनं अंगठा बघितला, शर्ट बघितला आणि काही विचारलं नाही. ते जास्त वाईट असतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी वहिनींनी फोनवर एक फोटो पाठवला. गावाच्या देवळापुढचा मांडव. मागं दोन्ही तसबिरी झेंडूच्या हारांत, काचेवर ताजं कुंकू. पुढं पंगत बसलेली. आप्पा आणि नाना मधोमध छाती काढून, फेटे सारखे, पोटं सारखी. झाडून सगळी माणसं कॅमेऱ्याकडे बघतायत. फक्त कडेला दोघी बायका, मांडीला मांडी लावून बसलेल्या, पत्रावळीवरची पुरणपोळी तशीच, मान वळवून मागं त्या काळ्या कोटाच्या डॉक्टरकडे बघतायत. दोघींच्या तोंडावर पदर आहे आणि दोघींचे डोळे बारीक झालेले आहेत, हसून.

तो फोटो मी मुलाला सांगून मिरजेहून मोठा करून आणला आणि सातव्या फायलीत सगळ्यात वर लावला. त्या फायलीत अस्सल असं तेवढंच आहे.